एका बंदराला यार्‍या किती?

पुण्याहून मुंबईला निघालात आणि खंडाळ्याचा घाट उतरलात, की तुमचं लक्ष कुठं असतं? चिक्कीच्या पुड्यात! पुढच्या वेळी जरा डावीकडच्या लेनकडे बघा. कूर्मगतीनं चाललेले लांबलचक ट्रेलर दिसतील. प्रत्येकाच्या पाठीवर एक भलीमोठी लोखंडी पेटी असते, लाल, निळी, नाहीतर मातकट. पत्रा वळ्यावळ्यांचा, दाराला उभे दांडे, आणि दारावर चार इंग्रजी अक्षरं, सहा आकडे आणि मग एका छोट्या चौकटीत एकटाच बसलेला एक आकडा. हा एकटा आकडा फार हुशार असतो बरं का! तो आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. कुणी नंबर लिहिताना चूक केली, तर हिशोब जुळत नाही आणि चूक पकडली जाते.

पनवेलजवळ हे ट्रेलर मुंबईचा रस्ता सोडतात आणि उरणकडे वळतात. तिथं रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा बंदर आहे. चाकणच्या कारखान्यातले सुटे भाग, नारायणगाव-नाशिककडची द्राक्षं, असलं कितीतरी सामान तिथून जहाजात चढतं. आपल्या पुण्याला समुद्र नाही, पण पुणे जिल्ह्याचं बंदरांशी नातं मात्र दोन हजार वर्षांचं आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात कातळातला मोठा रांजण आहे ना? कल्याण बंदराकडून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्या रांजणात टाकत, असं सांगतात. आता बैलांच्या जागी ट्रेलर आले आणि जकातीच्या जागी कस्टम आलं. चिंचवडला तर कंटेनर कॉर्पोरेशनचा डेपोच आहे. अशा डेपोला ‘कोरडं बंदर’ म्हणतात. पाण्याचा थेंब नाही, पण काम बंदराचं!

तर आज आपण एक प्रश्न सोडवायचा आहे. समजा, तुम्हाला एक बंदर बांधायला सांगितलं. धक्का किती लांब ठेवाल? यार्‍या, म्हणजे क्रेन, किती घ्याल? जागा किती लागेल? आणि हे सगळं कमीत कमी पैशात कसं बसवाल?

तुम्ही म्हणाल, “बाई, आम्ही अजून नफा-तोट्याची गणितं करतोय, आम्हाला बंदर कुठलं जमायला!” जमेल. सुरुवात आपण शाळेच्या नळापासून करू.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. समजा शाळेत ३०० मुलं आहेत, सुट्टी १५ मिनिटांची आणि एकाला पाणी प्यायला अर्धं मिनिट लागतं. म्हणजे एका नळावर सुट्टीत ३० मुलं पाणी पिऊ शकतात. ३०० मुलांना १० नळ हवेत. पाचच नळ बसवले तर निम्मी मुलं तहानलेली वर्गात परततील. पण १० बसवले तर सुट्टी सोडून उरलेला सगळा दिवस ते दहाही नळ नुसते उभे! मुख्याध्यापक म्हणतील, “एवढा खर्च कशाला?” आणि पालक म्हणतील, “मुलांना पाणी मिळत नाही!” दोघांचंही म्हणणं खरं. नियोजन म्हणजे या दोन वाक्यांच्या मधली जागा शोधणं. बंदरात नळाऐवजी धक्का आणि यार्‍या असतात आणि मुलांऐवजी जहाजं. फरक एवढाच, की एक यारी कित्येक कोटी रुपयांना पडते, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या मोठ्या जहाजाचा दिवसाचा खर्च लाखो रुपयांत जातो. ते लाखो रुपये शेवटी कोण भरतं माहीत आहे? पेटीतली वस्तू विकत घेणारा, म्हणजे तुमचे आई-बाबा!

पेटी आली आणि गंमत झाली

या पेट्या काही फार जुन्या नाहीत. पूर्वी जहाजात सगळं सुटं भरत. पोती, पिंपं, खोकी, गासड्या. शेकडो हमाल पाठीवर वाहून ते माल चढवत आणि उतरवत. आपल्या मुंबईच्या प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक या गोद्यांमध्ये हेच चालायचं. एकेक जहाज बंदरात दिवसेंदिवस अडकून पडायचं. समुद्रावर चालण्याऐवजी धक्क्याला बांधलेलं जहाज म्हणजे गोठ्यात नुसता चारा खाणारा बैल!

अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाचा एक ट्रकवाला होता. जहाजाच्या कामाची ही संथ तऱ्हा त्याला काही पटेना. मालाने भरलेली पेटी ट्रकवरून उचलून तशीच जहाजावर ठेवली तर? २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागं जवळजवळ ६ डॉलर खर्च यायचा, तो या पेट्यांमुळं १६ सेंटांच्या आसपास आला. डॉलरचे १०० सेंट होतात हे लक्षात घ्या, म्हणजे केवढा फरक पडला ते कळेल. पुढं सगळ्या जगानं मिळून पेटीची मापं ठरवली, २० फूट आणि ४० फूट लांब आणि ८ फूट रुंद. चारही कोपऱ्यांना एकसारखी भोकं. त्यामुळं पुण्यात भरलेली पेटी रॉटरडॅमची यारीही उचलू शकते. बंदरात मोजणी करताना २० फुटी पेटी ही ‘एक’ धरतात आणि ४० फुटी ‘दोन’.

हमालांचं काय झालं, असा प्रश्न तुमच्यापैकी एखाद्याला पडला असेल. ज्याला पडला त्याला माझ्याकडून शाबासकी. जगभरच्या गोद्यांमध्ये त्यांची कामं गेली. स्वस्ताईचं गणित मांडताना ही बाजू बहुतेक वेळा वहीच्या मागच्या पानावर जाते.

न्हावा-शेवा

मुंबईच्या गोद्या शहराच्या पोटात आहेत. पेट्या ठेवायला मोकळं मैदान तिथं आणायचं कुठून? आणि ट्रक जाणार ते शहराच्या गर्दीतून. म्हणून खाडीपलीकडं, घारापुरी बेटाच्या जवळ, नवं बंदर बांधायचं ठरलं. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. जवाहरलाल नेहरू बंदर हे त्याचं नाव, पण ट्रकवाले अजूनही न्हावा-शेवाच म्हणतात.

आता यातली खरी मजा पाहा. बंदर बांधणाऱ्यांना वीस-पंचवीस वर्षं पुढचं बघून ठरवावं लागतं. त्यांनी ६८० मीटर लांबीचा, तीन जहाजं लागतील असा कंटेनरचा धक्का बांधला. त्याशिवाय खतं, धान्य असा सुटा माल उतरवायला वेगळा धक्का आणि त्यावरची वेगळी यंत्रं. अंदाज असा, की हाही माल भरपूर येईल. झालं उलटंच. सुटा माल अपेक्षेइतका आलाच नाही आणि पेट्या मात्र धो धो यायला लागल्या! १९९९ साली ६०० मीटरचा दुसरा कंटेनर धक्का सुरू झाला. देशातलं ते पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल. आणि सुट्या मालाच्या धक्क्याचं काय केलं? तो मोडून, वाढवून त्याचंही कंटेनर टर्मिनल केलं. ते २००६ साली सुरू झालं. आज तिथं पाच कंटेनर टर्मिनल आहेत. त्यातल्या सर्वांत नव्याचा पहिला टप्पा २०१८ साली सुरू झाला आणि २०२५ साली त्याचा धक्का दुप्पट होऊन २००० मीटर लांब झाला. दोन किलोमीटरचा सरळ धक्का! लकडी पुलाहून चालत निघालात तर दोन किलोमीटरमध्ये तुम्ही कुठं पोचाल, ते बाबांना विचारा.

मला विचाराल तर त्या जुन्या नियोजकांना नावं ठेवू नयेत. त्यांनी जमीन आणि पाणी एवढं राखून ठेवलं होतं, की चुकलेला अंदाज नंतर दुरुस्त करता आला. सगळी जागा पहिल्याच दिवशी भरून टाकली असती, तर काय केलं असतं?

फासा घ्या, बंदर चालवा

आता एक प्रयोग. सापशिडीतला फासा आणि वही-पेन्सिल घ्या. आमच्या वर्गात हा खेळ आम्ही काडेपेट्यांची जहाजं करून खेळतो आणि तास संपल्याची घंटा कुणालाच ऐकू येत नाही!

नियम असे. बंदराला एकच धक्का. रोज सकाळी एकदा फासा टाकायचा. १ किंवा २ पडलं तर एक जहाज आलं. बाकी काहीही पडलं तर कुणी आलं नाही. आलेल्या जहाजाचं काम बरोबर दोन दिवस चालतं. धक्का रिकामा नसेल तर जहाज बाहेर नांगर टाकून थांबतं.

समजा बारा दिवसांत असं दान पडलं: ४, २, १, ५, १, ६, ३, ४, ६, २, ५, ५. म्हणजे जहाजं आली दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी. पहिलं जहाज दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी धक्क्याला. दुसरं आलं तिसऱ्या दिवशी, पण धक्का मिळाला चौथ्या दिवशी. एक दिवस वाया. तिसरं पाचव्या दिवशी आलं, त्याला सहाव्या दिवशी जागा. आणखी एक दिवस वाया. चौथ्याला मात्र आल्या आल्या जागा मिळाली.

आता धक्का किती दिवस रिकामा होता ते मोजा. पहिला, आठवा, नववा आणि बारावा. चार दिवस! म्हणजे बारातले चार दिवस धक्का मोकळा पडून आणि तरीही जहाजांचे दोन दिवस रांगेत गेले. आहे की नाही गंमत? बसस्टॉपवर हेच होतं. अर्धा तास बस नाही आणि मग एकामागोमाग तीन! मोजली तर तासाला बस पुरेशा, पण त्या ठरल्या अंतरानं येत नाहीत. जहाजांचंही तसंच. वादळ, आधीच्या बंदरातला उशीर, कधी काही तर कधी काही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. २३ पासून २९ तारखेपर्यंत कालवा बंद! शेकडो जहाजं दोन्ही बाजूंना खोळंबली आणि मग सुटली ती घोळक्यानंच.

आता फाशावर १, २ किंवा ३ पडलं की जहाज आलं, असं धरा आणि तीस दिवस खेळा. सरासरी दोन दिवसांत एक जहाज आणि एका जहाजाला दोन दिवस. कागदावर हिशोब अगदी चोख, एक दिवसही वाया नाही. खेळून बघा मात्र. बहुतेकांच्या बाहेरच्या रांगेत काडेपेट्या साचत जातील.

रांगांचं हे गणित आग्नर एरलांग नावाच्या डॅनिश माणसानं पहिल्यांदा नीट मांडलं, १९०९ साली. तो काही बंदरात नव्हता हं! कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती लोकांना एकाच वेळी फोन लावता येईल, हा त्याचा प्रश्न होता. पण रांग फोनची असो, नळाची असो की जहाजांची, तिचा स्वभाव एकच. जहाजं कधीही येत असतील आणि कुणाला कमी तर कुणाला जास्त वेळ लागत असेल, तर हे गणित असं सांगतं: एकच धक्का असेल आणि तो निम्मा वेळ कामात असेल, तर जहाजाला कामाला जेवढा वेळ लागतो सरासरी तेवढाच वेळ रांगेत जातो. धक्का शंभरातले ८० दिवस कामात असेल, तर रांगेतला वेळ कामाच्या चौपट होतो. आणि ९० दिवस असेल तर नऊपट! ८० वरून ९० वर गेलं की धक्क्याचं काम थोडंसंच वाढतं, पण जहाजाचं थांबणं दुपटीहून जास्त. म्हणून शहाणा नियोजक धक्का थोडा मोकळा ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, पैसा फुकट गेला.

यावर उपाय आहे का? आहे. बँकेत हल्ली सगळ्या खिडक्यांची मिळून एकच रांग असते, टोकन घ्यायचं आणि जी खिडकी मोकळी होईल तिथं जायचं. बंदरातही एका सरळ रेषेत लांब धक्का असला, तर कुठलंही जहाज मोकळ्या जागी लागतं. ८० टक्के कामात असलेला एकटा धक्का जहाजाला कामाच्या चौपट थांबवतो. तसेच दोन धक्के मिळून एक रांग केली तर थांबणं पावणेदोन पटीवर येतं, आणि तीन धक्के असले तर जेमतेम एक पटीवर. न्हावा-शेव्याला तीन जहाजांचा धक्का सलग का बांधला आणि आता दोन किलोमीटरचा सलग धक्का का केला, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

पंगतीचं गणित

धक्का झाला. आता यार्‍या. धक्क्यावरच्या या यार्‍या रुळांवर चालतात आणि त्यांचा लांब हात जहाजाच्याही वरून पलीकडं जातो. उंच केबिनमध्ये चालक बसतो, त्याच्या पायाखाली काच असते. खाली बघत तो पेटीच्या चार भोकांत चार खुंट्या बसवतो, फिरवून अडकवतो आणि पेटी उचलतो. चांगला चालक तासाला पंचवीस-तीस पेट्या हलवतो, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. एका जहाजाच्या २००० पेट्या चढ-उतार करायच्या असतील, तर एका यारीला ६७ तास लागतील, जवळजवळ तीन दिवस. चार यार्‍या लावल्या तर १७ तासांत काम. मग दहा का लावू नयेत? कारण त्या इतक्या रुंद असतात, की एकमेकींना खेटून उभ्या राहू शकत नाहीत.

पण यारी एकटी काय करणार? लग्नाची पंगत आठवा. आचाऱ्यानं भराभर जिलब्या तळल्या, पण वाढपी दोनच असले तर? कढईपाशी ढीग आणि पानं रिकामी! बंदरातले वाढपी म्हणजे ट्रेलर. यारीखालून पेटी घेऊन मैदानात जाऊन परत यायला ट्रेलरला समजा १० मिनिटं लागली, आणि यारी दर २ मिनिटांनी पेटी देते, तर एका यारीमागं ५ ट्रेलर हवेत. तीनच ठेवले, तर कोट्यवधींची यारी दर थोड्या वेळानं ट्रेलरची वाट बघत उभी. स्वस्त वस्तूत काटकसर केली आणि महाग वस्तू बसून राहिली. घरातही असं होतं की नाही, ते आईला विचारा. आणि आठ ट्रेलर ठेवले तरी वेग वाढत नाही, नुसती यारीखाली रांग.

वह्यांचा गठ्ठा

पेट्या ठेवायच्या मैदानाला यार्ड म्हणतात. तिथं पेट्या एकावर एक रचतात. रबरी चाकांच्या उंच यार्‍या या ओळींना पाय फाकून उभ्या असतात आणि वरून पेट्या उचलतात.

थर किती उंच ठेवावा? माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा असतो. पाच वह्यांच्या गठ्ठ्यातली एखादी मागितली, तर कधी ती वरच असते, कधी तळाशी चार वह्यांच्या खाली. सरासरी दोन वह्या बाजूला काढाव्या लागतात. तीनच वह्यांचा गठ्ठा असेल तर सरासरी एकच. मग बुटके थर चांगले? हो, पण जागा जास्त लागते. १२०० पेट्यांना तीन थरांत ४०० जागा लागतात, पाच थरांत २४०. जिथं जमीन महाग तिथं उंच रचा आणि उलथापालथीचा खर्च सोसा. जिथं जमीन मुबलक तिथं बुटके रचा. उत्तर बंदरागणिक वेगळं.

आता एक मोठं गणित करू. २०२४-२५ या वर्षात न्हावा-शेव्यातून, २० फुटी मापानं मोजलं तर, ७३ लाखांच्या आसपास पेट्या गेल्या-आल्या. दिवसाला सुमारे २०,०००. प्रत्येक पेटी यार्डात तीन दिवस राहिली, तर कुठल्याही दिवशी यार्डात ६०,००० पेट्या असणार. दोनच दिवस राहिली, तर ४०,०००. एका दिवसाची घाई केली आणि २०,००० पेट्यांची जागा वाचली! चार थर धरले तर ५,००० जागा, एका जागेला १५ चौरस मीटर, म्हणजे ७५,००० चौरस मीटर. साडेअठरा एकर! मधल्या वाटांची जागा तर मी धरलेलीच नाही. एक वीटही न रचता, फक्त कागदपत्रं लवकर हलवून एवढी जमीन मिळते. म्हणून बंदरात नवा धक्का बांधण्याआधी शहाणी माणसं पहिल्यांदा विचारतात, पेटी इथं बसून का राहिली आहे? २०१६ सालापासून न्हावा-शेव्यात पेट्यांना छोटी इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी लावायला लागले. पेटी कुठं किती वेळ थांबली, ते त्यावरून कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेनं १९७८ साली आपल्यासारख्या देशांसाठी बंदर-नियोजनाचं एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. त्यातले तक्ते याच पद्धतीचे. वर्षाला पेट्या किती, त्या राहणार किती दिवस, थर किती उंच, असं एकेका रेघेवरून पुढं जात शेवटी किती हेक्टर जागा लागेल ते काढायचं. तेव्हा हे पट्टी-पेन्सिलीनं चाले. आता संगणकात अख्खं खोटं बंदर चालवतात, फाशासह.

संगणकाचीही एक गोष्ट सांगायला हवी. जून २०१७ मध्ये एका संगणक-विषाणूनं जगभर धुमाकूळ घातला. न्हावा-शेव्यातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. यार्‍या धडधाकट, धक्का जागेवर, माणसं हजर. पण कुठली पेटी कुठं आहे तेच कळेना! ट्रक बाहेर खोळंबले. बंदराच्या सामानाची यादी करताना आठवणही त्यात धरायची असते.

द्राक्षांचं तर आणखी निराळं. द्राक्षांची पेटी म्हणजे मोठा फ्रीज. यार्डात तिला विजेचा प्लग लागतो. जानेवारी ते एप्रिल हंगाम जोरात, पावसाळ्यात एकही द्राक्ष नाही. प्लग किती बसवायचे? आपला मधल्या सुट्टीचा नळ परत आला बघा!

वहीत न मांडलेला खर्च

आतापर्यंत आपण रुपयांचा हिशोब केला. आता ज्यांच्या जमिनीवर हे उभं राहिलं, त्यांच्याकडं वळू. नव्या मुंबईसाठी आणि बंदरासाठी उरण-पनवेल भागातल्या शेतकऱ्यांच्या भातशेतीच्या आणि मिठागरांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची, हे तत्त्व पुढं आलं. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातली कोळी कुटुंबंही हलवली गेली. नव्या वस्तीतल्या घरांना वाळवी लागली आणि नीट पुनर्वसन मागण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. पेटी एक दिवस जास्त थांबली तर बंदरात धावपळ उडते. माणसं वर्षानुवर्षं थांबली, तर ते कुठल्या तक्त्यात येतं?

हा प्रश्न जुना झालेला नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये. तिथं किनाऱ्याजवळच समुद्र खोल असल्यामुळं सर्वांत मोठी जहाजं लागू शकतील. हजार-हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल होणार आहेत. याच जागेच्या बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ साली नकार दिला होता आणि २०२३ साली परवानगी दिली. तिथले मच्छीमार म्हणतात, आमची मासेमारी जाईल. सरकार म्हणतं, रोजगार येईल. तुमच्या घरी यावर दोन मतं असली तर जेवताना बोलणं होऊ द्या. फक्त बोलताना नळाचं आणि फाशाचं गणित विसरू नका, आणि वाळवी लागलेली घरंही विसरू नका.

जाता जाता एक कोडं

धक्का एकच आहे. एकाच सकाळी दोन जहाजं आली. मोठ्या जहाजाच्या कामाला तीन दिवस लागतात, लहानाच्या कामाला अर्धा दिवस. आधी कुणाला घ्याल?

वर्गात सगळे ओरडतात, “लहानाला!” कारण मग मोठ्याला अर्धाच दिवस थांबावं लागतं. उलट केलं तर बिचाऱ्या लहानाचे तीन दिवस जातात.

थांबा. समजा मोठ्या जहाजाचा थांबण्याचा खर्च दिवसाला १० लाख रुपये आहे आणि लहानाचा १ लाख. आता लहानाला आधी घेतलं, तर मोठ्याच्या अर्ध्या दिवसाचे ५ लाख जातात. मोठ्याला आधी घेतलं, तर लहानाच्या तीन दिवसांचे ३ लाख. म्हणजे मोठ्याला आधी घेणं स्वस्त!

बरं, आणि त्या लहान जहाजात चढवायच्या पेट्यांमध्ये नारायणगावची द्राक्षं असतील तर?